सुरतेच्या पुढे

झुलालआप्पा एकतीस वर्षं
तापीतून बाटलीभर पाणी काढत होते.
सकाळी आठला, सावळद्याच्या पुलावरून,
पितळी नळी, दोरी, खुणांची पट्टी.
मग गाळणकागद, भट्टी, काटा,
आणि वहीत एकच आकडा :
लिटरमागे ग्रॅम.

"ही माटी कोठे जास वं?"
मी आठवीत होते. म्हटलं, सुरतेला.
"आनि सुरतना पुढे?"

पुस्तकात दोनच शब्द होते,
भूखंडमंच, मग खंडान्त उतार,
खाली निळा रंग फासलेला.
त्या निळ्यापायी मी जहाजावर गेले.

रात्रपाळीत ध्वनीचे ठोके खाली सोडायचे
आणि परत येतील तसा तळ काढत जायचा.
तिसऱ्या रात्री तळ सापडेना.
मग पडद्यावर कड आली, आणि कडेखाली
उभी भिंत, वळण, भिंतीतून सुटलेले कप्पे,
आत एकीला एक मिळत जाणाऱ्या घळी.
मी ओरडलेच,
अहो, हे तर आमच्या शिवाराच्या खालचं आहे!

खरंच आहे.
रोहिदासच्या केळीच्या तीन ओळी
घळीने कशा खाल्ल्या? पाणी खाली धावतं,
घळ मात्र वर चढते, मागे मागे,
बांधाच्या बुडाशी चुनखड्यांपर्यंत पोखरते,
मग एके दिवशी दरड बसते.
समुद्रातही तोंड असंच मागे सरकतं.
फक्त तिथे दरड बसली की
ती थांबत नाही. पाणी पिते, गढूळ होते,
आपल्याच वजनाने पळत सुटते
काळ्या पाण्याखालून, कोसच्या कोस,
आणि कुणाला कळत नाही.
कधी तळाशी टाकलेली तार तुटते,
तेव्हा कुठल्यातरी कचेरीत वेळ नोंदतात.

आम्ही नळी रोवून तळाचा उभा काप आणला.
खाली भरड रेती, वर बारीक, त्यावर चिकण,
पुन्हा रेती.
प्रत्येक जोडी म्हणजे एकेक धाव.
आप्पा रात्रभर बाटली ओट्यावर ठेवत,
सकाळी ती अशीच दिसायची.

मे महिन्यात नकाशा घेऊन गावी आले.
घळीच्या काठावर, बाभळीखाली पसरला.
वारा होता, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली.
आप्पांनी चष्मा पुसला. बोट तापीवरून निघालं,
खंबायतच्या आखातात उतरलं, आणि थांबलं.

मला सांगावं लागलं.
पुढे तीनशे किलोमीटर उथळ सपाटी आहे,
भरती-ओहोटी तिथेच गाळ घोळवत बसते.
पूर्वी, समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली होता,
तेव्हा नद्या चालत कडेपर्यंत जायच्या.
आता नाही.

"मंग मनी माटी तठे पोचनीच नही?"

नाही, आप्पा. बहुतेक नाही.

ते बराच वेळ गप्प होते.
मग म्हणाले, हतनूरला दारं बसली
त्या सालापासून आकडाही पडतच गेला होता,
साहेबांना वाटायचं, झुलाल नीट मोजत नाही.

नकाशाचं एक ढेकूळ त्यांनी उचललं,
बोटांत चुरलं, हुंगलं.
तो कोपरा वाऱ्याने फडफडू लागला.

खाली घळीत कुठेतरी
दरडीचा एक तुकडा सुटला, धप्प.
धूळ वर आली.
आप्पांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं.