रकाना सातवा

क्वीन्स गार्डनच्या कचेरीत साहेबाने विचारलं,
तुमच्यात मयताला काय करतात?
लग्न कोण लावतं? देव कोणता?
म्हटलं, वाघोबा.
तो म्हणाला, आणि डोळे?

डोळ्यांचं मी काय सांगू.
घारे. दर पिढीत एकाला तरी.
या खेपेला माझी पाळी.

सोमी हिलम, मुळशीकडची.
रान राखीव झालं, खैराला हात लावणं चोरी ठरलं,
तेव्हा कात पाडणारी माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली,
आणि भट्टीवरून ती खडकीला
गोऱ्या पलटणीच्या तबेल्यात
घोड्यांचं गवत कापायला.
पुढचं आमच्यात कुणी सांगत नाही.
आजी एवढंच म्हणायची,
गवत कापणाऱ्याच्या हाताला विळा लागतो,
गवताला कोण विचारतं.

देवळातल्या जुन्या वहीत ओळ सापडली.
मुलगा. नाव जोसेफ. आई नेटिव्ह.
बापाच्या रकान्यात आडवी रेघ,
पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

मग एक दिवस टांगा आला,
गोरी पोरं अनाथाश्रमात न्यायला.
बूट मिळतील, इंग्रजी मिळेल,
आई तेवढी मिळणार नाही.
सोमीने भट्टीतला कोळसा घेतला
आणि पोराला टाळूपासून टाचेपर्यंत माखलं.
टांगेवाला उतरलासुद्धा नाही.
काठीने झोपडीचं दार लोटलं, पाहिलं, म्हणाला,
यातलं नाही हे.

तेव्हापासून आमच्या घरात
पाचवीला बाळाच्या गालावर तीट लावत नाहीत.
अख्खं बाळ माखतात. रडू देतात.
मग कोमट पाण्याने धुतात,
आणि घारे डोळे असले तर
कुणी काही बोलत नाही,
फक्त एक बाई उठून दार लावते.

साहेबाने पुस्तक चाळलं, मागून पुढे,
पुढून मागे.
ही रूढी जमातीत नोंदलेली नाही, म्हणाला.
म्हटलं, नसणारच.
ती वाचायसाठी नव्हती, साहेब.
वाचायसाठी होती.

त्याला कळलं की नाही, माहीत नाही.
सातव्या रकान्यात त्याने रेघ ओढली.
हातानेच ओढली, थोडी वाकडी गेली.

येरवड्यात उतरले.
आता घरोघर गॅस, कोळसा कुठला.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे दोन खडे मागितले.
विझलेले द्या, म्हटलं.
त्याने कागदात बांधून दिले,
कशाला म्हणून विचारलं नाही.

शनिवारी बहिणीच्या लेकीची पाचवी.