मधला रंग

काळ्याला सगळं माफ असतं.
भंगार, जळका दाणा, काल उरलेला माल,
काळ्याच्या पोटात काहीही खपतं.
म्हणून इतकी वर्षं फोन काळाच होता,
असं रतिलाल पंचाल म्हणायचा,
आणि त्याला कोण खोडून काढणार?
मकरपुऱ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
साचे त्याचे. मी नुसता रंग कालवणारा.

मग शेठ एक दिवस कापडाचे चार तुकडे घेऊन आला,
ब्लाऊजपीस जुळवायला न्यावेत तसे:
लाल, पोपटी, हस्तिदंती, आणि एक निळा
ज्याला तो स्काय म्हणायचा
आणि मी, रॉकेल.

पंचवीस किलो दाण्याला लाल किती ग्रॅम
ते झोपेतून उठवलंत तरी सांगेन.
लाल सोपा. हस्तिदंती छळतो.
माशीचा पाय लागला तरी दिसतो,
आणि खिडकीशी ठेवलात तर दोन उन्हाळ्यांत
पेन्शनरच्या दातांसारखा.

डायलची भोकं कोरताना
रतिलालने माझं बोट मागितलं.
त्याच्या तर्जनीचं पेर प्रेसने नेलेलं.
व्हर्नियरच्या चिमट्यात धरून
आकडा त्याने विडीच्या कागदावर लिहिला.
'चालशे.'
मग कुणाकुणाच्या बैठकीत, औषधांच्या दुकानांत,
लोक शून्य फिरवत राहिले
माझ्या बोटाच्या मापात.

आमच्याकडे फोन नव्हता.
बाबाजीपुऱ्यात दोन खोल्या, नंबर लावून सात वर्षं.
पण लाल संपून हिरवा लागेपर्यंत
यंत्र आठ-दहा नग असे टाकतं
जे लाल नसतात, हिरवेही नसतात.
ते दळायचे असतात, काळ्यात घालायला.
त्यातला एक मी पिशवीत घातला, डब्याखाली.

शालन आठवडाभर त्याला नाव शोधत होती.
जांभळाचा डाग? नाही. शिळी आमटी? शी.
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचं सुरसागर, म्हणाली,
कडेकडेचं पाणी.
आणि दोऱ्याचं झाकण विणलं त्याच्यासाठी.
आत ना तार, ना घंटी.
पोरं त्यावरून दिल्लीला ऑर्डरी सोडायची.

खरा आला तो करडा, बटणांचा.
दहा गोल भोकांचे बारा चौकोन झालेले,
बोट फिरवायचं नाही, टोचायचं.
रतिलाल तोवर सुरतेला, मुलाकडे.
पहिला फोन त्यालाच लावला.
घरून बोलतोय म्हटल्यावर
तब्येत नाही, पोरं नाहीत, आधी विचारलं:
'कयो रंग?'
करडा, म्हटलं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, त्यातही भंगार खपतं.

मी रिसीव्हर ठेवला.
वळून शालनला म्हटलं, झाकण आण त्यावरचं,
नव्यावर घालू, धूळ बसेल.
ती भाजी निवडत होती.
बसू दे, म्हणाली.