अकरा पडदे

निसार परकार काउंटरवरून कोटेशन सरकवतो.
अकरा संगणक, अकरा पडदे, अकरा हेडफोन,
आणि तळाशी, ठळक, शंभरावर दहा:
एकशे एक्क्याऐंशी दिनार पाचशे फिल्स.
इथे दशांशचिन्हापुढे तीन घरं असतात.
पैशांच्या दोन घरांवर वाढलेल्या माझ्या हाताला
नऊ वर्षांनीही तिसरं घर भाड्याचं वाटतं.

"बाय, तुमच्या शालेला माफ हाय ना?
पन कागद आना. कागद नाय तर
माज्या पगारातनं कापतील."
मनामात बसून तो अजून खेडचंच बोलतो.

कागद म्हणजे दाखला.
दाखल्याला हवं पत्र, पत्राला शिक्का,
शिक्क्याच्या कपाटाची किल्ली उस्ताद अब्दुलनबींच्या खिशात,
आणि ते ब्रेल शिकवत असताना
दार वाजवायचं नाही.
मी मुहर्रकच्या व्हरांड्यात, फाईल मांडीवर.
एसीचं पाणी डालडाच्या डब्यात ठिबकतंय.
आत बोटं चालल्याचा आवाज,
कुणीतरी तांदूळ निवडत असल्यासारखा.

सगळी तयारी मी केली होती.
परवान्यावर 'नूर' एका यूने, बँकेत दोन ओंनी;
त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र.
(आपण एक दीर्घ ऊकार देऊन मोकळे होतो.
तोही चुकवणारे आहेत म्हणा,
माझ्या दहावीच्या वहीत भरपूर.)

खिडकीपलीकडे खुलूद. तरुण, नीटनेटकी,
पेन्सिलीला टोक काढून बसलेली.
संगणकावर बरोबर. हेडफोनवर बरोबर.
मग पेन्सिल थांबली.
"संस्था अंध मुलांची?"
"हो."
"मग पडदे कशाला?"

हिणवून नाही विचारलं तिने.
मलाच हा प्रश्न खरेदीच्या दिवशी सुचायला हवा होता.
पडद्यांपुरता कर तेहतीस दिनार.
तेवढे भरून टाकावेत, असं क्षणभर वाटलं,
आणि मग आमचा डिझेलचा खर्च आठवला.

मी पत्र लिहिलं. मुद्दा एक:
चार विद्यार्थ्यांना अंशतः दिसतं, अक्षर वीतभर केलं तर.
मुद्दा दोन: डोळस शिक्षकांना तपासायला.
मुद्दा तीन लिहिला आणि खोडला.
मुद्दा तीन शैमा होती, वय सात,
उजेड-अंधारही न कळणारी.
जुन्या मशीनवर ती आधी पडद्याला तळहात लावते,
काच कोमट लागली की हसते:
"आत्ताच कुणीतरी इथून उठून गेलं."
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
आणि बसलं असतं, तर मी बसवलं असतं का?

सतरा दिवसांनी मंजुरी आली.
अट अशी, की प्रत्येक पडद्याचा क्रमांक
आणि तो वापरणाऱ्याचं नाव नोंदवहीत असावं.

दहा नावं झाली. अकरावा उस्तादांच्या टेबलावर.
जन्मापासून त्यांना काही दिसलेलं नाही.
मी म्हटलं, हा परत करू या, तीन दिनार भरू या,
उगाच तपासणीत खोटं नको.
ते चहाचा पेला चाचपत म्हणाले,
"माझ्याकडे पालक येतात.
मी बोलताना कुठे बघतोय ते त्यांना कळत नाही,
मग तेही इकडेतिकडे बघतात.
पडदा चालू असला की
निदान आम्ही सगळे एकीकडे तोंड करून बसू."

नोंदवहीत मी लिहिलं: वापरात आहे.

निसारने नवं बिल केलं, कर शून्य,
पुढे तिन्ही घरं शून्यांनी भरलेली,
आणि वर विचारलं,
"बाय, खोकी ठेवू का फेकू?"
ठेव म्हटलं.
थर्माकोल मुलांना फार आवडतो,
दाबला की बोलतो.