सेकंडचा टॉवेल

आधी वाटलं, रांजणवाडी.
तळहातावर बोट घासून ऊन केलं,
पापणीला टेकवलं सात वेळा.
शेजारची राजव्वा म्हणाली, उष्णता आहे, सब्जा पी.
मे महिन्यातल्या सोलापुरात
उष्णता म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

मग त्यानं काठ धरला.
डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत
बांगडी ठेवून गिरवावी तसा,
मधे कातडी साफ, कडेला बारीक खवले.
मेडिकलवाल्यानं कुठे लावणार विचारलंही नाही,
ट्यूब दिली.
आठ दिवस गुण आला.
नवव्या दिवशी बांगडीची पाटली झाली,
पापणीचे केस उशीवर सापडू लागले.

मी टॉवेलांच्या कडा शिवते,
अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये.
महिनाभर एका डोळ्यानं सुई ओवली.
मास्तर म्हणाला, अंबूबाई, कुणाला डोळा मारताय?
हसले. हसायला डोळा लागत नाही.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी
पापणी दोन बोटांत ताणली,
पातं हलकं फिरवलं.
काचेवर भुसा पडला, त्यावर एक थेंब.
जरा वेळानं, काय वाटलं कुणास ठाऊक,
म्हणाल्या, बघा.

धागे.
जिथं तिथं फांद्या फुटलेलं सूत,
ताणा नाही, बाणा नाही,
कुणाच्या पगारावर नसताना
माझ्या कातडीत विणत बसलेलं.
दोन पिढ्या मागावर गेलेल्या घरची मी,
तोंडून निघालं, हे कुणी बिघडवलंय?
बाईंनी विचारलं,
घरात टॉवेल किती?

आता काय सांगू.
दिवसाला चाळीस डझन जातात हाताखालून,
गुलाबी, मोरपंखी, कुठल्या कुठल्या हॉटेलांत.
तिथं म्हणे एकाचं तोंड पुसलेलं
दुसऱ्याला देत नाहीत.
घरी एक. सेकंडचा, मधे लूप सुटलेला.
माणसं पाच.
नवरा पुसतो, सासू, दीर,
शाळेतून येऊन सौजन्या,
आणि दोरीवर सुकायच्या आत मी.

मास्तरकडे पाच मागितले.
चार दिले, पगारातून कापून.
कोपऱ्यांवर चार रंगांचे टाके घातले
म्हणजे कुणाचा कुठला कळावं.
जुना माझ्यासाठी उकळला,
पातेल्यातलं पाणी गुलाबी झालं.

जेवताना सगळं सांगितलं,
धागे, काच, गोळ्या, दीड महिना.
दीर मान खाली घालून भाकरी मोडत राहिला.
रात्री दिवा मालवल्यावर
दाराशी येऊन हळूच म्हणाला,
वहिनी, ते मलम
मांडीला चालतं का?
दिवाळीपासून आहे.