टोकन अठ्ठावन्न

ओउलूत फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
पायपुसण्यावर बूट आपटून माणसं आत येतात,
टोकन घेतात, आणि एकमेकांपासून
दोन खुर्च्या सोडून बसतात.
इथे कुणी आवाज चढवत नाही.
राग आलाच, तर हातमोजे जरा सावकाश काढतात.

खिडकीमागे मी. गळ्यात पट्टी, पट्टीवर नाव : वार्पु.
समोर फॉर्म, फॉर्मवर कारणांचे अकरा चौकोन.

एस्को गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसला होता.
एक्केचाळीस टक्के बॅटरी, आणि फोनने मान टाकली.
‘जाहिरातीत तर तो माणूस हिमनगावर उभा राहून
आईशी बोलत होता.’
हिमनग थर्माकोलचा असणार, आईसुद्धा भाड्याची,
हे मी म्हणत नाही. चौकोन तीनवर खूण करते.

रोन्याला चंद्रावरचे खड्डे हवे होते.
आला तो सोललेला शेंगदाणा.
चंद्राचं काही करता येईना, तिने फोन परत केला.

कालेवीला त्याचा फोन सकाळी सहाला ओळखत नाही.
सकाळी सहाला मीही मला ओळखत नाही,
पण त्याची हमी
कुणी छापून दिली नव्हती.

आणि तो सौनावाला!
‘पाण्यापासून सुरक्षित, असं लिहिलंय.’
पाण्यापासून. वाफेबद्दल अक्षर नाही.
‘वाफ म्हणजे पाणी नाही तर काय?’
नव्वद अंशात वीस मिनिटं तुम्ही तरी टिकाल का, मी विचारलं.
‘रोज टिकतो,’ म्हणाला.
खोटं नसावं. कान अजून लाल होते.

नव्याची नवलाई नऊ दिवस,
आमच्या कागदावर मात्र चौदा.
चौदाव्या संध्याकाळी रांग दारापर्यंत जाते.

अठ्ठावन्न.
ताइस्तो. बर्फफोड्या जहाजावर मेकॅनिक होता, आता निवृत्त.
रुमालाची गाठ सोडून फोन काचेखालून सरकवतो.
काय बिघडलंय?
‘काही नाही. हे बघा.’

फोटोत आकाश हिरवंगार पेटलेलं,
कडेला गुलाबी झालर,
आणि खाली कोपऱ्यात लोकरीची एक टोपी, पाठमोरी.

‘अशी नव्हतीच ती रात्र.
सत्तर किलोमीटर गाडी हाकली, दोन तास ताटकळलो.
आकाश राखाडी, पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखं.
हिल्क्का म्हणाली, झालं बघून, कॉफीही संपली, चल.
परतताना आधी भांडलो.
मग एका वळणावर हसू फुटलं ते घरापर्यंत.
फोटो कुणी उघडूनही बघितला नाही.
आता हा म्हणतो, हिरवं होतं.’

मी समजावते : भिंग बराच वेळ उघडं राहतं,
डोळ्यांहून जास्त उजेड गोळा करतं. खोटं नाही ते.
‘मग आम्ही कशाला हसलो?’

मला उत्तर येत नाही.
‘तिला विचारलं असतं,’ तो म्हणतो,
आणि रुमालाची घडी करत राहतो, पुन्हा पुन्हा.

अकरा चौकोन मी वरून खाली वाचते, खालून वर वाचते.
‘अपेक्षेपेक्षा कमी’ आहे.
‘कमी’ खोडून मी ‘जास्त’ लिहिते.
संगणक ते घेत नाही. लाल रेघ मारतो.

‘राहू दे. पैसे नकोत मला.
फक्त कुठेतरी लिहून ठेवा, राखाडी होतं.’

त्याच्याच टोकनच्या पाठीवर मी लिहिते : राखाडी होतं.
तारीख विचारते. तारीख त्याला तोंडपाठ.
कागद खणात, स्टेपलरखाली.
तो फोन पुन्हा रुमालात बांधतो,
टोपी कानावर ओढतो, जातो.
दारातून क्षणभर थंडी आत येते.

एकोणसाठ.
स्क्रीनवरच्या नव्या काचेखाली हवेचा बुडबुडा,
मोहरीएवढा.
‘हा बघा,’ तो म्हणतो,
आणि हातमोजे काढू लागतो,
सावकाश,
एकेक बोट.