शुक्रवारची पाळी

पिवळं जाकीट चढवताना
ईस्लेवूर म्हणाला, आई, निदान आमच्या गल्लीतून येऊ नकोस,
पोरं हसतात.
बरं, म्हटलं.

मासळीच्या कारखान्यात आठ तास उभं राहून
पायांचे दगड झालेले,
तरी महिन्यातला एक शुक्रवार माझा.
सोबतीला गुद्लोइग, दातांची डॉक्टर,
आणि ब्रिनयारचे आजोबा एविंदुर,
ज्यांना ऐकू कमी येतं पण वास बरोबर येतो.

आम्ही कुणाला पकडत नाही.
चालतो नुसते. धक्का, शाळेचं मैदान, पेट्रोलपंप.
पोरं दिसली की नावानं हाक मारायची.
नाव घेतलं की
पाठीमागे लपवलेली बाटली आपोआप जड होते.

तरणतलावाच्या मागे,
जिथे भिंतीतून गरम पाण्याची वाफ निघते,
तिथे स्कूली एकटाच बसला होता.
बाप ट्रॉलरवर, सहावा आठवडा.
जीभ अडखळत होती पोराची.
मी थर्मासमधला कोको ओतला,
माझे हातमोजे दिले, माशांचा वास मारणारे.
आईला सांगणार तुम्ही?
आपण दोघं सांगू, म्हटलं. आधी पी.

याच भिंतीला टेकून
चौदाव्या वर्षी मी अख्खी बाटली रिचवली होती.
वाफ तेव्हाही उबदार होती.
ओळखीची माणसं रस्त्यानं गेली,
एकानंही मान वळवली नाही.
बाबा घरीच होते. जागे. पेपर वाचत.
मी दारातून सरळ आत गेले,
त्यांनी पान उलटलं.
हे ईस्लेवूरला अजून सांगितलेलं नाही.
सांगायचंय.

स्कूलीला घरी पोचवलं, त्याच्या आईपाशी बसलो थोडं.
मग साडेबाराला फोन वाजला.
आई, कुठे आहेस?
तुमच्या गल्लीत नाही, म्हटलं.
मागे गाणी, काहीतरी फुटल्याचा आवाज,
मग बराच वेळ नुसता श्वास.
ये ना. ब्रिनयारकडे आहे. इथे गोळ्या आल्यात कुठून तरी.
मी नाही घेतली.
पण तू ये.

मी एविंदुरांकडे पाहिलं.
त्यांच्या रिकाम्या घराचा पत्ता
माझ्या तोंडून अजून निघाला नव्हता.
कानातलं यंत्र त्यांनी हळूच नीट बसवलं,
आणि आमच्या आधी
चढावर चालू लागले.