समुद्रातला बांध

पहिल्या पगारातून आमच्याकडे मोठ्यांना
थंडीतले लोकरी आतले कपडे घेतात.
मी ओक-बुन मावशीला केबल-कारचं तिकीट घेतलं.
"समुद्र बघायला पैसे?"
हे तिने मला नाही, खिडकीतल्या पोरीला विचारलं,
आणि पोरीने गणवेशातलं हसू न मोडता
काचेच्या तळाचा डबा हवा की साधा, तेवढंच विचारलं.
"काचेचा," मावशी म्हणाली.
"बघायचंच तर तळापर्यंत."

फलाट संपतो तिथे पोटात एक पायरी चुकते.
तिने माझं मनगट धरलं,
शिणाणे सोलून सोलून सुरीच्या मुठीसारखी झालेली बोटं,
आणि लगेच सोडलं,
जणू घाबरलो होतो मीच.
मग बूट काढले. जोडीने कडेला लावले.
काचेवर तिचे मोज्यातले पाय,
पायांखाली दोलसानची निळी छपरं.

"ती ह्वांगची गच्ची! मासळी नाही, मासळी नाही, म्हणून रडते,
आणि वाळत घातल्यात बघ,
सहा, सात… आठ चटया."

बर्फाचा कारखाना गेला.
माकुळ पकडायच्या होड्या गेल्या,
दिवसा विझलेले त्यांचे बल्ब
कुणी विसरलेल्या लग्नासारखे.
आमच्या डब्याची सावली पाण्यावरून सरकत
एका होडीवर चढली, उतरली.
होडीतल्या माणसाने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.
"मीपण अशीच बघायचे," ती म्हणाली,
"कोण हे रिकामटेकडे."

आणि मग बेटाच्या आडोशाला बोयांच्या ओळी.
काळे ठिपके, दोराला धरून.
"थांबव," म्हणाली.
केबल-कार थांबवता येत नाही.
"मग फोन काढ. लवकर.
फोटो पाहिजे, सोसायटीच्या चेअरमनला दाखवायला."

म्हणजे यासाठी आली होती.

काका गेले तेव्हा बारा ओळींचे दोन वाटे झाले,
सहा हिच्या, सहा थोरल्या दिराच्या.
सतरा वर्षं ती सांगतेय, ग्वान-सूने बांध कोरला.
समुद्रात कुठला बांध, लोक हसतात.
पण होडीतून बघितलं की दिसतं म्हणे,
त्याचं टोक हिच्या हद्दीत, दोन हात, कधी तीन.
पितरांच्या पूजेला ती सूप वाढते,
तो वाडगा पुढे करतो,
दोघांमध्ये फक्त वाफ.

मी फोन काचेला लावला.
ओहोटी लागली होती.
वरून सगळंच दिसत होतं:
त्याच्या सहा ओळी हिच्याकडे झुकलेल्या, खऱ्याच,
हिच्या सहा पलीकडच्या सोनकडे झुकलेल्या,
सोनच्या त्याच्याही पलीकडे,
अख्खी खाडी एकाच कंगव्याने
एकाच बाजूला विंचरलेली.

ती वाकली. गुडघ्यांवर बसली.
काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला,
तो बाहीने पुसला, पुन्हा बघितलं.
ओठ हलत होते. मोजत होती बहुतेक.
सोन बिचारा कधी काही बोलला नाही.

"काढू?"
"राहू दे. काचेवर उजेड आलाय.
नीट नाही येणार."

पलीकडच्या टेकडीवर लोक सेल्फी काढत होते,
ती बाकावर बसून कॉफी न पिता कप धरून होती.
परतताना डब्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली,
तोंड पुलाकडे. बूट घालूनच.
मी काही विचारलं नाही.

उतरल्यावर मात्र थेट खिडकीशी गेली.
त्याच पोरीला म्हणाली,
"भरतीला कधी यायचं?
आणि तेव्हाचं तिकीट
वेगळं असतं का?"